रामलिंग सरांचं अक्षर

१३ जानेवारी २०२५, लातूर

आज चहा पुन्हा गार झाला. टपरीवरून चहा आणायची पाळी माझी होती. सरांचा कप काठोकाठ भरून केबिनमध्ये नेला आणि हात पुढे केला. रामलिंग सर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "ठेव तिथं." तासाभराने कप उचलायला गेले तर चहा तसाच, वर साय धरलेली.

तीन महिने झाले सरांच्या या बांधकाम-नकाशांच्या ऑफिसात लागून. एकदाही त्यांनी माझ्या हातातून कप घेतलेला नाही. मी काही दूधखुळी नाही. लातूरला आले तेव्हा औसा रोडला खोली बघायला गेले होते. घरमालकीण जगदेवीमावशी फार प्रेमळ. बस म्हणाल्या, पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग गाव विचारलं आणि मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर त्यांना एकदम आठवलं की खोली कालच भाच्याला दिली. तेव्हापासून वसतिगृहात राहते. "ठेव तिथं"चा अर्थ मला कुणी फोड करून सांगायला नको.

हरिओमलाही ते "ठेव तिथं"च म्हणतात, पण त्याने आणलेला चहा पितात. हरिओम म्हणजे ऑफिसातला जुना ड्राफ्ट्समन. तो सरांचा कप अर्धाच भरतो, कंजूस कुठला. तो अर्धा कप चालतो, माझा भरलेला चालत नाही.

खरं भांडण मात्र फॉन्टवरून झालं. मला अर्ध्यात तोडलं, म्हणून माझं म्हणणं इथं तरी पुरतं लिहिते.

पुस्तकात छापायचे फॉन्ट वेगळे असतात. त्यांची अक्षरं जाड, आतून भरलेली. नकाशात ती वापरली की फाइल जड होते, आणि झेरॉक्सवर आठचा सहा दिसतो. म्हणून कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये, नुसत्या रेषांचे फॉन्ट वापरतात. त्यातलं अक्षर म्हणजे पेनाच्या हालचाली असतात: इतकं उजवीकडे जा, इतकं खाली ये, पेन उचल, पेन टेक. जाडी पेनाची, अक्षर रेषेचं. इथपर्यंत सर आणि मी एकच बोलतो. पण असा फॉन्ट नकाशाच्या फाइलमध्ये जात नाही, वेगळा पाठवावा लागतो. समोरच्याच्या संगणकात तो नसेल तर संगणक स्वतःच्या मनाने दुसरा लावतो. अक्षरं रुंदावतात, जागा सोडतात, आणि फॉन्टमधल्या खास खुणांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आमचं ऑफिस एकच फॉन्ट वापरतं, सरांनी स्वतः केलेला. आणि तो कुणालाही देत नाही. मी म्हटलं, एकतर सगळीकडे मिळणारा फॉन्ट वापरू, नाहीतर प्रत्येक फाइलसोबत आपला पाठवू.

सर म्हणाले, "फॉन्ट कुठं जायचा न्हाई."

"पण का, सर?"

"दुसऱ्याच्या हातात गेलं की अक्षर बिघडतं. ज्याला वाचायचं त्यानं इथं यावं."

ज्याला वाचायचं त्यानं इथं यावं! देवळातली पोथी आहे का ती? सळईचा नकाशा आहे.

१६ जानेवारी

हरिओमला खोदून विचारलं. तो जेवताना बोलतो, एरवी कानात बोळे घातल्यासारखा असतो.

"सर पयले ट्रेसर होते," तो म्हणाला. "ट्रेसिंग पेपरवर शाईनं लिहायचे. चूक न्हाई, खोड न्हाई. नांदेडहून साहेब लोक यायचे बघायला. म्हणायचे, रामलिंगनं लिव्हलं की मशीननं लिव्हल्यागत दिसतंय."

"मग आता मशीनच लिहिते, तर यांना त्रास काय?"

"अगं, मशीनला शिकवलं कुनी? मधी सर हैदराबादला दवाखान्यात जाऊन आले. आले अन् बसलेच. आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर मांडायचे. चौकडी मोजायचे, मला आकडे सांगायचे, मी टाईप करायचो. एका आठच्या आकड्यासाठी आठवडा घातला. जुन्या ट्रेसिंगवर भिंग धरून बसायचे, म्हणायचे, माझा आठ असा न्हाई, कंबर अजून बारीक घे."

दवाखान्यातून आलेला माणूस आराम करतो. हे स्वतःचं अक्षर अजरामर करायला बसले. अहंकार म्हणतात तो हाच.

अक्षर सुंदर आहे, ते नाकारत नाही. चारचं तोंड उघडं, सातच्या पोटात आडवी रेघ, एकाचा दुसऱ्याशी घोटाळा होणं शक्य नाही. शिवाय त्यांनी दोन खुणा स्वतःच्या डोक्याने घातल्या आहेत. आडवी रेघ आणि वर टिंब, म्हणजे स्लॅबच्या वरच्या अंगाची सळई. रेघेखाली टिंब, म्हणजे खालची. हुशारी आहे. पण या दोन खुणा जगात फक्त आमच्या तीन संगणकांना कळतात.

२२ जानेवारी

आज माझी नकाशाची पहिली पूर्ण शिट निघाली. देगलूरच्या पुढे तेलंगणाच्या हद्दीला लागून एक गाव आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्राचा पोर्च. खालच्या चौकटीत "रेखाटन"समोर माझं नाव, पंचशीला पंढरी, पुढे आडनावसुद्धा. कुणी विचारायची वाट न बघता.

एक झेरॉक्स गुपचूप घेतली आणि गावी आईला पोचवायला जळकोटच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिली. संध्याकाळी आईचा फोन.

"लावला बाई भिंतीवर. बाबासाहेबांच्या फोटोखाली."

"आई, तो छापलेला नकाशा आहे, फ्रेम नाही."

"असंना का. तुझे बाबा टेम्पो लावून आले, तर आधी तेच बघीत बसले. म्हनले, ह्यातलं काय कळतंय तुला? म्या म्हनलं, मला नाव कळतंय. तेवढं बास हाय."

"नाव इंग्रजीत आहे, आई."

"मग? भामाबाईच्या पोरीकून वाचून घेतलं. तीनदा."

बाबा सातवीपर्यंत, आई दोन यत्ता. आमच्या घरात नाव छापून आलं ते मतदार यादीत आणि आता इथं.

"तपासणी"च्या चौकटीत सरांनी सही केली नाही, रबरी शिक्का मारला. तोही हरिओमला मारायला लावला. दुरुस्त्या असल्या तर लाल पेन स्वतः हातात घेत नाहीत. खुर्चीत मागे रेलतात, उजवा हात खिशात, आणि "लिहून घे." मी अभियंता आहे की लघुलेखक?

३० जानेवारी

नांदेडचे गुत्तेदार शेषेराव यांना पोर्चची फाइल हवी होती. कागद नको, फाइल द्या, आम्ही इकडेच छापून घेतो म्हणाले. काम त्यांनीच घेतलंय.

मी केबिनमध्ये गेले. "सर, सोबत फॉन्ट टाकू? नाहीतर त्यांच्याकडे खुणा उमटणार नाहीत."

"एकदा सांगितलं ना."

"मग निदान खुणा काढून शब्दात लिहू, वरची, खालची."

"पंचशीला, मी हे काम तू जन्मायच्या आधीपासून करून राहिलो. स्लॅब कापून दाखवणारं सेक्शन काढलंय ना? सेक्शनमधी सळई दिसते. डोळे हायत ना त्यांना?"

पाठवली, फॉन्ट न टाकता. मेलमध्ये मात्र माझ्या जबाबदारीवर एक ओळ लिहिली: अक्षरं नीट दिसली नाहीत तर कृपया फोन करावा. हरिओमने ते बघून मान हलवली. "फोन करतील म्हनतीस? तू लई भोळी हायस."

मी भोळी नाही. मी पगारी आहे, एवढंच. पाठवायचं बटण दाबताना जी चीड आली ती अजून बोटात आहे.

११ फेब्रुवारी, नांदेड

एसटी सुटायला वेळ आहे. बसस्थानकावरच बसून लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुसऱ्या कामाचे कागद द्यायला सकाळी शेषेरावांच्या ऑफिसात गेले. माणूस बोलका.

"या मॅडम! लातूरहून आलात, आधी पोटभर पाणी प्या. तिकडं मिळतंय का न्हाई, कुणाला ठाऊक."

हसले मी. हसता हसता भिंतीकडे बघितलं. माझी शिट तिथं चिकटवलेली होती. लांबूनच कळलं, ही आमची नाही. चौकटी त्याच, अक्षरं परकी, फताडी. शेवटच्या टिपा जागेत न मावल्याने सरकून थेट सेक्शनवर चढून बसल्या होत्या. सेक्शनमध्ये सळई वर आहे की खाली, ते त्या शाईच्या गिचमिडीत माझं मलाच दिसेना. आणि जिथं रेघ-टिंब हवं, तिथं दहा मिलिमीटरच्या जाड सळईमागे प्रश्नचिन्ह, आठच्या बारक्या सळईमागेही प्रश्नचिन्ह.

"हे असं कसं बांधाल?" मी विचारलं.

"बांधाल काय? बांधलं. मागल्या हप्त्यात ओतला पोर्च. खालच्या टेकूंचं सेंट्रिंग काढायचं तेवढं ऱ्हायलंय."

"दहाची सळई कुठं टाकली?"

"स्लॅबला टाकतेत तिथंच. खाली."

दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला जड सळई खाली लागते, ते खरं. पण हा पोर्च एकाच भिंतीतून निघतो, दुसरं टोक हवेत. हात सरळ पुढे करून त्यात भरली बादली धरली तर ताण खांद्यावर वरच्या बाजूला येतो, तसंच ते. सळई वरच हवी. खाली टाकली तर ती असून नसल्यासारखी. टेकू काढले की पोर्च भिंतीपाशी तुटणार, आज नाही तर उद्या, आणि उपकेंद्राच्या पोर्चखाली बाया लेकरं घेऊन लसीला बसतात.

"प्रश्नचिन्ह दिसत होतं ना तुम्हाला? विचारायचं नाही का?"

शेषेरावांना राग नाही आला, हसूच आलं. "मॅडम, तुमच्या हापिसाच्या शिटवर प्रश्न कधी नसतेत? दर बारीलाच असतेत. पयले इचारायचो. तर सर म्हनायचे, लातूरला येऊन बघा. किती डाव यायचं? आता आमी समजून घेतो."

समजून घेतात! इतकी वर्षं आमच्या प्रत्येक नकाशावर प्रश्नचिन्हं जात होती आणि आम्हाला ती कधी दिसली नाहीत, कारण आमच्याकडे फॉन्ट आहे.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टेकू हायत ना खाली?"

"आहेत."

"कुणाला काही बोलू नको. उद्या मी येतो."

कुणाला काही बोलू नको! म्हणजे झाकायचं. मी सरळ आत गेले आणि शेषेरावांना सांगितलं, सेंट्रिंगला हात लावायचा नाही, पोर्च पडेल. त्यांचं हसू गेलं.

"हे कोन सांगून ऱ्हायलं? तुमी का सर?"

"मी."

"शिटवर नाव तुमचंच हाय म्हना. तुमी काढलं ते मी बांधलं. आता तोडा म्हनता, तर तसं लिहून द्या."

भिंतीवरच्या त्याच शिटवर, माझ्याच नावाच्या वर, पेनाने लिहिलं: सेंट्रिंग काढू नये, सळई चुकली आहे. खाली सही केली. शेषेराव माझ्या सहीकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पयलीच शिट ना तुमची? चांगली सुरवात हाय."

गावी भिंतीवर तीच शिट आहे.

१२ फेब्रुवारी

लातूर, उदगीर, देगलूर, आणि परत. हरिओमने गाडी चालवली. सर स्वतः कधी चालवत नाहीत, साहेबासारखे मागे बसतात. उदगीरला चहाला थांबलो. सरांनी घेतला नाही. "बाहेरचा पीत न्हाई मी." बरोबर आहे. कुणाच्या हातचा असेल कुणास ठाऊक.

वाटेत मी एकदाच बोलले. "सर, चूक कुणाची ते तिथं सांगाल ना?"

"आधी बघू दे," ते म्हणाले, खिडकीकडे तोंड करून.

पोर्चखाली टेकूंच्या जंगलात एक म्हातारी पदर पसरून बसली होती, मांडीवर नातू. मी ओरडलेच, "आजी, बाहेर या आधी!"

"कामून? ऊन किती हाय बघ की."

"वरचं पडेल."

"पडंल कसं? एवढे टेकू लावलेत. सावली झाली बाई गावाला, तर तुमाला ती बी बघवंना." तिचं नाव गुणाबाई. आरोग्यसेविका समजावायला आली, तरी गुणाबाई नातवाला घेऊन जेमतेम उंबऱ्यापर्यंत सरकली.

साईलू मिस्त्री हद्दीपलीकडचा, अर्धं मराठी अर्धं तेलुगू. त्याने छिन्नीने पोर्चच्या वरचं काँक्रीट भिंतीलगत फोडलं. आत आठच्या बारक्या सळया, दहाची एकही नाही.

"म्या इचारलं होतं," साईलू सुपरवायझरकडे बोट करून म्हणाला. "पैनना, किंदना? वर का खाली? म्हनला, प्रश्न काय इचारतो, स्लॅब हाय, खाली टाक."

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "शिटवर बी प्रश्नच होता की मॅडम. तुमाला ठाऊक न्हाई, मला कुठून ठाऊक?"

चारपाच माणसं हसली. मी सरांकडे बघितलं. आता तरी बोला. एक वाक्य, की फॉन्ट मी दिला नाही, या मुलीने दोनदा मागितला होता. सरांनी ते वाक्य उच्चारलं नाही. म्हणाले, "तोडावं लागंल. खडू आण."

नवी सळई भिंतीत किती खोल जाईल, कुठं वाकेल, ते भिंतीवर काढून दाखवायला ते पुढे झाले. उजवा हात खिशातून काढला, खडू टेकवला. रेघ निघाली ती वेडीवाकडी, करवतीच्या दात्यांसारखी. रागाने हात थरथरत होता त्यांचा. थरथरणारच, सगळं उघडं पडलं होतं. साईलू पटकन पुढे झाला आणि त्यांच्या कोपराला हात लावला. मोठ्या माणसाची खुशामत करायला लोक कसे टपलेले असतात. सरांनी कोपर झटकलं, खडू खाली पडून मोडला.

"पंचशीला, तू काढ."

काढलं. जमिनीवरचा अर्धा खडू उचलून मी भिंतीवर पोर्च काढला, सळई काढली, बाजूला रेघ आणि रेघेवर टिंब. तेही माझ्याच हाताने, म्हणजे पुढं काही बिघडलं तर पुन्हा नाव माझंच. मग मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं, वरची. साईलूने वाचून घेतलं आणि म्हणाला, "पैन. बरं."

परतताना जळकोटचा फाटा गेला तेव्हा मला रडू येत होतं. रडले नाही. यांच्यासमोर नाही.

१४ फेब्रुवारी

पोर्च तोडायला सुरुवात झाली. पडला नाही, कुणाला लागलं नाही, याचा आनंद व्हायला हवा. होत नाही. काल नांदेडहून एका मैत्रिणीचा फोन, "काय गं, तुझ्या नकाशामुळे पोर्च पाडला म्हणे?" दोन दिवसांत नांदेडपर्यंत गेलं. तुझ्या नकाशामुळे.

नवी शिट केली आणि तीत उजवीकडे दुरुस्तीची टीप टाकली: ऑफिसने फॉन्ट न पाठवल्याने पहिल्या प्रतीत खुणा उमटल्या नाहीत, चूक ऑफिसची आहे, रेखाटणाऱ्या अभियंत्याची नाही. सरांना वाचून दाखवली. वाटलं होतं ओरडतील. म्हणाले, "बरोबर हाय. राहू दे."

मग सही मागितली. शेषेरावांनी बजावलंय, शिक्का चालणार नाही, सरांची सही पाहिजे, सगळ्या प्रतींवर.

"ठेव तिथं," सर म्हणाले.

१७ फेब्रुवारी

शिटा अजून टेबलावर. सही नाही. तोंडाने बरोबर म्हणायचं आणि हाताने करायचं नाही. विचारलं की "करतो." शनिवारी संध्याकाळी केबिनचं दार आतून लावून बसले होते. मला वाटलं झाली. नंतर केराच्या टोपलीत चुरगळलेला कागद दिसला, माझीच शिट. म्हणजे टीप वाचून फेकून दिली!

हरिओमला म्हटलं, "तुझे सर भित्रे आहेत."

हरिओम एरवी चिडत नाही. आज चिडला. "तुला काय बी म्हाईत न्हाई."

"मग सांग ना."

"मी कोन सांगनारा? सरांनी सांगितलं तर सांगतील." आणि जेवण अर्धं टाकून उठला.

सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. मला कोण घेतं? राजीनामा लिहिला. चार ओळी, स्वच्छ. पिशवीत ठेवलाय.

आईचा फोन आला होता. गावात कुणीतरी काही बोललंय. आई म्हणाली, "नकाशा काढू का गं भिंतीवरून?"

म्हटलं, "हात लावू नको."

२० फेब्रुवारी

सकाळीच केबिनमध्ये गेले. नव्याने छापलेल्या शिटा टेबलावर ठेवल्या, शेजारी राजीनामा.

"सर, दोन्हीपैकी एकावर सही करा. शिटांवर केलीत तर हा मी परत घेईन."

त्यांनी राजीनामा वाचला. चारच ओळी, पण बराच वेळ वाचला.

"शिक्का मारून ने. मी शेषेरावला फोन करतो."

"शिक्का नाही. माझं नाव तुमच्या अक्षरात छापलंय, सर. तुमचं तुमच्या हाताने यायला पाहिजे. माझ्यासमोर."

"दार लाव."

"नाही लावणार."

माझा आवाज बाहेर ऐकू गेला असणार, कारण हरिओमचा कीबोर्ड थांबला.

सरांनी पेन घेतलं. उजवा हात कागदावर ठेवला आणि तो पेनासकट नाचायला लागला. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. भीती नव्हती. लहान मूल पहिल्यांदा पाटीवर लिहिताना जीभ दाताखाली धरतं, तसं तोंड होतं. त्यांनी डावा हात उजव्यावर दाबला, मनगट टेबलाच्या काठाला रेटलं. पेन टेकलं. कागदच सरकला आणि पहिली रेघ चौकटीबाहेर गेली. थांबले. पेन उचललं. पुन्हा टेकलं.

मी कागद धरला. दोन्ही कोपरे दाबून धरले.

सही झाली. रामलिंग असं वाचता येत होतं, कुणी आधी सांगितलं तर. बाकीच्या प्रती मी एकेक पुढे सरकवल्या आणि धरल्या. शेवटच्या प्रतीपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग सह्यांकडे बघून म्हणाले, "अक्षर लई चांगलं होतं माझं."

"हो, सर."

"फॉन्टात हाय ते." ड्रॉवर उघडून त्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, माझ्याकडे सरकवला. "सगळं हाय त्यात, मूळ आकड्यांसकट. प्रत्येक फाइलसंगं पाठव. ज्याला पाहिजे त्याला दे."

"खुणा काढते मी. वरची, खालची असं शब्दात लिहू. कुठल्याही फॉन्टात उमटेल असं."

सर म्हणाले, "खुणा काढ. आठ बदलू नको."

"नाही बदलत."

शिटा हरिओमकडे दिल्या, आजच नांदेडला जातील, फॉन्टसकट. राजीनामा टेबलावरून उचलला, फाडला नाही. राग गेलेला नाही माझा. गुणाबाई त्या टेकूंमध्ये बसली होती. देगलूरला एक वाक्य बोलायला हात लागत नव्हता, तोंड पुरलं असतं, आणि ते बोलले नाहीत. हे मी विसरणार नाही. पण या वहीची मागची पानं आत्ता चाळली, तर त्यांत मीच लिहिलेल्या काही ओळींकडे मला बघवेना.

आईला फोन करून सांगितलं, जुना नकाशा राहू दे, त्याच्याशेजारी दुसरा येतोय. ती म्हणाली, "शेजारी जागा न्हाई बाई, कॅलेंडर हाय." मग म्हणाली, "काढते कॅलेंडर."

चार वाजता चहा मी आणला. सरांचा कप अर्धा भरला, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, आणि बाहेर येताना दार ओढून घेतलं.